म्हसोबा थांबा, मौजे कौठी

पर्यटन हा ग्रामीण विकासाचा कणा असून, नगर जिल्ह्याच्या मातीत श्रद्धा, इतिहास आणि निसर्ग यांचा संगम साक्षात परमेश्वरानेच घडवून ठेवला आहे. हे वाक्य पर्यटन आराखड्याच्या मसुद्यात पहिल्याच पानावर होतं आणि ते वाचून दाखवल्यावर आमच्या ग्रामसभेत टाळ्याही पडल्या. आमच्या कौठीपुरती त्यात एक दुरुस्ती हवी होती. आमच्याकडे जे काही घडवून ठेवलं होतं ते परमेश्वराने नव्हे, काकासाहेबांनी. तेही भल्या पहाटे, गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलवर आणून.

कौठी हे शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या एका आडरस्त्यावरचं गाव. शिर्डीचं दर्शन झालं की भाविक जीपमध्ये बसतात, शिंगणापूरला उतरतात, आणि मधल्या वेळात माना टाकून झोपतात. या झोपेत आमचं गाव येतं. रस्त्याला लागून काकासाहेबांचा उसाचा डाग, म्हणजे जमिनीचा तुकडा, आहे, त्याच्या मागे सहादेवचं कांद्याचं रान. दोघं चुलत भाऊ, काकासाहेब गावचे माजी सरपंच. सहादेवला रस्त्यावर यायला उसाच्या कडेने एक पट्टी होती, त्याच्याच वाट्याची. आजोबांच्या काळी तिच्यावरून भरलेली बैलगाडी जायची, वडिलांच्या काळी टेम्पो जायचा, सहादेवच्या काळी मोटारसायकल जाऊ लागली, तीही पाय आखडून घेतले तर. पट्टी जागच्या जागी होती. काकासाहेबांचा ट्रॅक्टर तेवढा दरसाली थोडा थोडा बांध कोरत आत सरकत होता.

सहादेवने शेवटी सरकारी मोजणी मागवली. मोजणीदार यंत्र घेऊन आला त्या सकाळी पट्टीच्या तोंडाशी, ऐन रस्त्यालगत, देव बसलेला होता. शेंदूर थापलेला, चांदीचे डोळे लावलेला, पुढ्यात नारळ. शेजारी काकासाहेब उघड्या अंगाने, गळ्यात टॉवेल.

"सपनात आला," ते मोजणीदाराला म्हणाले. "म्हनला, काकासाहेब, मी म्हसोबा. मला हितंच बसव. आता सायेब, देवाला न्हाई कसं म्हनायचं?"

मोजणीदाराने बूट काढले, पाया पडला, यंत्र पेटीत घातलं आणि गेला. माजी सरपंचाला नाही म्हणणं जमेल एक वेळ. त्याच्या देवाला कोण म्हणणार? देवाच्या अंगावरून टेम्पो नेता येत नाही, त्यामुळे उरलेली पट्टीही बिनबोभाट उसात जमा झाली.

त्या साली सहादेवचा कांदा झकास आला होता. काढून, पात कापून, गोण्या भरून रानात थप्पी लावली आणि दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ काळंकुट्ट होऊन आलं. टेम्पो रस्त्यावर उभा, गोण्या रानात, मध्ये देव. सहादेव आणि त्याची बायको एकेक गोण पाठीवर घेऊन बांधाबांधाने पळत होते. गारा आल्या. काळ्या रानाचा असा चिखल झाला की पाय टाकला तर चप्पल आत राहावी. निम्म्या गोण्या भिजल्या, आणि भिजलेल्या कांद्याचं काय होतं ते ज्याने त्याचा वास घेतलाय त्याला सांगायला नको. काकासाहेब रस्त्यापलीकडच्या पत्र्याखाली उभे राहून म्हणाले, "सहादू, देवापुढनं पळताना चपला काढीत जा रं!"

दुसऱ्या दिवशी सहादेव पहार घेऊन निघाला. मागोमाग त्याची आई छबूबाई. वय झालेलं, कंबरेत वाकलेली, पण आवाज सरळ.

"कुटं निगाला?"

"देवाला उपटाया."

"मागं फीर."

"आये, त्यो देव न्हाई. त्याच्या हिरीवरच्या मोटरीखालचा दगड हाय त्यो. बोल्टाचं भोक हाय त्याला! म्या सोता त्या भोकात बोल्ट पिळलाय!"

"मला सांगतो? समद्या गावाला ठावं हाय."

"मग?"

"मग काय? तू पहार घातली की उद्या त्योच बोंबलंल, सहाद्यानं देव उपाटला. पोलीस तुला नेतील आन् वाट त्याचीच ऱ्हाईल." छबूबाईने पहार हातातून काढून घेतली. "देव त्याचा हाय ना? त्यानं बसवला ना? मग आपुन त्याला वाढवू. आसा वाढवू, आसा वाढवू, की ह्याला सोताच्या रानात पाय ठेवाया जागा ऱ्हायला न्हाई पायजे."

"त्यानं काय हुईल?"

"त्याच्या तोंडानं समद्या गावापुढं म्हनंल त्यो, दगड म्या ठेवला. त्ये ऐकल्याबिगर मी मरत न्हाई."

आमच्याकडे बायका नवस बोलतात तो पोराबाळांसाठी. छबूबाईने हा असा बोलला, आणि ज्याच्या विरुद्ध बोलला त्याच देवापुढे, अगरबत्ती लावून.

सहादेवचा भाचा अंगद शिर्डी ते शिंगणापूर जीप मारतो. शनिवारी आणि अमावस्येला त्याच्या जीपमध्ये माणसं भरलेली नसतात, ठासलेली असतात. छबूबाईने त्याला बोलावून चहा पाजला आणि देवापाशी गाडी थांबवायचं काम सांगितलं. अंगदला पहिल्यांदा ते पटेना.

"आज्ये, मानसं इचारत्यात ना. कोनता देव, कशाचा देव. काय सांगू?"

"तुझं तू बग. धा भाषा बोलतोस म्हनं."

अंगदने खरोखरच बघितलं. पुढच्या शनिवारी त्याने जीप उसापाशी उभी केली आणि मागे वळून हिंदीत जाहीर केलं, की शिंगणापूरला कुठल्याच घराला दार नसतं हे तुम्हाला माहीतच आहे. जिथे दार नाही तिथे दारवान कुठे उभा राहणार? म्हणून तो इथे अलीकडे बसवलाय. पुढे जायच्या आधी ह्याला सांगून जायचं असतं. माणसं भराभर उतरली. बोल्टाच्या भोकात कोणी तेल ओतलं, कोणी नाणं खुपसलं. मोटरीखाली असताना त्या दगडाची कोणी इतकी सेवा केली नव्हती, आणि खरं तर तेव्हा तो उपयोगाचा होता.

दुसऱ्या जीपवाल्यांनी अंगदच्या पॅसेंजरांना उतरताना पाहिलं आणि आपल्याही गाड्या उभ्या करायला सुरुवात केली. आपल्या जीपमध्ये देव कमी पडू नये, एवढाच हेतू.

पहिले काही महिने काकासाहेब हरखून गेले. त्यांनी फलक लावला: स्वयंभू म्हसोबा देवस्थान, संस्थापक काकासाहेब. स्वयंभू देवाला संस्थापक कसा, हे कोणी विचारलं नाही. मग पावसाळा सरला, गर्दी वाढली आणि हिशेब फिरला. गाड्या रस्त्याच्या कडेला मावेनात, त्या उसात शिरल्या. माणसं दर्शन घेत आणि उसात जात. उसातून येताना एकेक कांडकं मोडून आणत. नारळाच्या शेंड्या, तेलाच्या बाटल्या, चहाचे कप. तोडणीवाल्यांचा मुकादम डाग बघून म्हणाला, "काकासाहेब, ह्ये ऊस तोडायचं काम न्हाई, गाव झाडायचं काम हाय. माझ्या मानसाचा पाय कशात पडंल सांगता येत न्हाई." आणि दुसऱ्याच्या फडात निघून गेला.

काकासाहेबांनी काटेरी तार ओढली. दुसऱ्या दिवशी छबूबाई तारेपाशी बसून मोठ्याने रडायला लागली.

"आरं माझ्या देवा! आपल्याच मानसानं तुला कोंडला रं!"

दोन जीपभर बायका तिच्या भोवती. काकासाहेब धावत आले.

"काकू, का तमाशा करताय? उठा."

"उठते की. पर देवाची वाट कुनी आडवली ते सांग. तुझ्या सपनात काय म्हनला हुता त्यो? तार वढ म्हनला हुता?"

"पीक हाय ना माझं, काकू."

"पिकाचं काय घिऊन बसला? माझ्या लेकाचा कांदा सडला तवा कुटं पिकाचं निगालं? देवासाठी व्हतंय म्हन की. पुन्य लागतंय."

तार काढावी लागली. सहादेव त्या दिवशी पोटभर जेवला, असं त्याची बायको सांगत होती.

आराखडा आला तो या टप्प्यावर. शिर्डी ते शिंगणापूर पट्ट्यात पर्यटक थांबवायचा कसा, याचा अभ्यास करायला पुण्याहून एक पथक आलं. पथकाची प्रमुख निकिता मॅडम. तरुण, कमी बोलणारी, उन्हात टोपी घालून रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसणारी. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला ती विचारी: कुठून आलात, कुठे निघालात, इथे का थांबलात? बायकांशी जास्त वेळ बोले. तिचं म्हणणं असं, की दोन मोठ्या देवस्थानांच्या मधल्या गावांना ह्या गर्दीतलं काहीच मिळत नाही. पैसा दोन टोकांना पडतो आणि मधल्यांना धूर. एखादा थांबा आपोआप तयार झाला असेल तर तोच धरून वाढवावा. जिथे लोक थांबत नाहीत तिथे कमान बांधून ते थांबत नाहीत. हे इतकं शहाणपणाचं होतं की आम्हाला संशय आला.

सहादेवने तिला ऊस दाखवला, देव दाखवला, आणि अंगदची दारवानाची गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली.

"हे खरं आहे?" निकिता मॅडमने विचारलं.

"काकासायबाला इचारा. त्येच्या सपनात आलता."

काकासाहेबांना विचारलं. ते एकदा उसाकडे आणि एकदा छबूबाईकडे बघून म्हणाले, "व्हय. आलता."

"देव केव्हा आला हा माझ्या कामाचा विषय नाही," ती म्हणाली. "लोक थांबतात, एवढं मला पुरतं."

महिन्याभरात मसुदा आला. कौठीला थांबा धरला होता. चहापाण्याचे गाळे, बचतगटाच्या बायकांसाठी विक्रीची जागा, आणि देवासमोर वाहनतळ. वाहनतळाचा पिवळा चौकोन नकाशावर काकासाहेबांच्या उसाच्या डागावर बरोबर बसला होता. पाटाच्या पाण्याखालची काळीभोर जमीन, गावात तसला दुसरा तुकडा नाही. जागा मालकाच्या संमतीने घ्यायची, असं खाली लिहिलं होतं. संमतीसाठी ग्रामसभा.

ग्रामसभेला आली तितकी माणसं आमच्या गावात मतदानालाच दिसतात. मारुतीसमोर सतरंज्या टाकल्या होत्या. सरपंच विमलबाई मध्ये, शेजारी निकिता मॅडम. पहिलं पान वाचून झालं, टाळ्या झाल्या, नकाशा भिंतीला लावला, आणि विमलबाई म्हणाल्या, "काकासाहेब, गावाचं भलं तुमच्या हातात हाय. बोला."

काकासाहेब उठले. "माझा इरोध न्हाई. पर वाहनतळ पलीकडं, गायरानात करा."

"देव हितं आन् गाड्या तिकडं?" मागून कोणीतरी.

"चालतील की मानसं. पुन्य लागतंय!" हे छबूबाई. सभा हसली.

"मी माझी जमीन देनार न्हाई," काकासाहेब म्हणाले. "कायदा हाय."

तेव्हा सहादेव उठला. आईने हे सांगितलं नव्हतं. हे त्याचं स्वतःचं डोकं, आणि तिथेच सगळं बिघडलं. तो गाभाऱ्यात गेला आणि ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा घेऊन बाहेर आला. आमच्या भागात माणूस कोर्टात खोटं बोलेल, पंचनाम्यात खोटं बोलेल, बायकोशी तर बोलतोच. पण बेलभंडारा उचलून खोटं बोललेलं कोणी पाहिलेलं नाही. उचललेला शब्द मागे घेतलेलाही पाहिलेला नाही.

"मॅडम, सरपंच, समदे ऐका," सहादेव म्हणाला. "देव ज्या पट्टीवर बसलाय ती पट्टी माझी का ह्याची, ह्यो वाद हाय. मी भंडारा उचलून सांगतो. ती पट्टी उद्या माझी ठरली तरी मला नगं. आल्यागेल्या मानसांच्या सोयीसाठी सोडली." त्याने चिमूटभर भंडारा कपाळाला लावला, बेलाचं पान डोक्यावर धरलं. "झालं. आता ह्यानं उचलावा. म्हसोबा सपनात आलता, आसं भंडारा उचलून म्हनावं. म्हनला, तर देवानं मागितलेली जागा द्यावी. ऊस-बिस काय सांगू नये."

आणि ताटली काकासाहेबांच्या पुढ्यात ठेवली.

काकासाहेबांनी हात पुढे केला. मागे घेतला. कपाळ पुसलं. त्यांचा थोरला मुलगा पुण्यात नोकरीला, सून बाळंतपणाला आलेली. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना आम्हाला दिसत होतं.

"उचला की दादा," सहादेव म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याने दादा म्हटलं होतं. "देवाला न्हाई कसं म्हनायचं?"

काकासाहेब खाली बसले.

"न्हाई आला," ते म्हणाले.

"मोट्यानं. म्हाताऱ्या बाईला ऐकू येत न्हाई," छबूबाई.

"न्हाई आला सपनात! दगड म्या ठेवला! मोटरीखालचा! पट्टी सहादूचीच हाय! बास?"

मोबाईल तर सगळ्यांचेच वर होते. सभेत असा कालवा उठला की मारुतीच्या शिखरावरचे पारवे उडाले. छबूबाईने डोळे मिटले, दोन्ही हात जोडले, आणि ती कोणाला जोडत होती ते तिचं तिलाच माहीत. सहादेव नुसता उभा होता. हसतही नव्हता. दोन दिवस उपाशी असलेल्या माणसापुढे एकदम जेवण आलं की तो आधी बघत बसतो, तसा.

काही वेळाने विमलबाईंना गावाची आठवण झाली. "मॅडम, आता देवच न्हाई म्हनल्यावर आपला थांबा गेला का?"

"नाही," निकिता मॅडम म्हणाली. "लोक देवासाठी थांबत नव्हते."

"मग कशासाठी?"

"मसुदा पाठवल्यावर आम्ही बायकांना पुन्हा बाजूला घेऊन विचारलं. शिर्डीहून निघाल्यावर जीप कुठे थांबत नाही. ड्रायव्हरला सांगायची लाज वाटते. इथे रस्त्याला लागून उंच ऊस आहे, आडोसा आहे. दर्शन घ्यायचंय म्हटलं की जीप थांबते." तिने वहीचं पान उलटलं. "पुरुषांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. फक्त लवकर सांगितलं."

अंगद मागे बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आयला. तरीच नारळ कमी फुटायचे."

"तेवढ्यापुरती गाडी पाच मिनिटंच थांबते, म्हणून वाहनतळाची गरज राहिली नाही," मॅडमने नकाशावरच्या पिवळ्या चौकोनावर हात ठेवला. "हा काढते. गाळे गायरानात बसतील. रस्त्यालगत फक्त स्वच्छतागृह हवं. त्याला थोडीच जागा लागते." मग तिने वळून अतिशय आदराने विचारलं, "सहादेवराव, ती पट्टी तुम्ही लोकांच्या सोयीसाठी सोडली म्हणालात ना?"

सहादेवने तोंड उघडलं. त्याच्या कपाळावर भंडारा होता. त्याने तोंड मिटलं.

"व्हय," तो म्हणाला.

घरी गेल्यावर त्याच्या बायकोने त्याला जे सुनावलं ते आमच्या गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. वाट परत मिळाली होती, हातात आली होती, आणि हा शहाणा ती दान करून आला. आता गोण्या काय डोक्यावरनंच न्यायच्या जन्मभर? सहादेव ओट्यावर बसून होता. मोबाईलवर काकासाहेबांचा तो तुकडा लावत होता, संपला की पुन्हा लावत होता. दगड म्या ठेवला. दगड म्या ठेवला. छबूबाई आतून म्हणाली, "जरा मोट्यानं लाव." पुढे त्याने त्याची रिंगटोनच करून टाकली. बाजारात वाजली की माणसं वळून बघतात.

काकासाहेबांचा ऊस वाचला. दगड त्यांनी नेऊन पुन्हा मोटरीखाली घातला, शेंदूर खरवडून. मोटर आता हलत नाही म्हणतात. आराखडा मंजूर झाला. गाळ्यांना निधी यायचा आहे, पण स्वच्छतागृह तेवढं बांधून झालं. चांगलं आहे. फरशी आहे, बायकांचं वेगळं आहे, पाण्याची टाकीही आहे. पट्टीच्या तोंडावर आडवं बसल्यामुळे मोटारसायकलसुद्धा आत जात नाही. उद्घाटनाला पुढाऱ्यांची तारीख मिळेना, म्हणून त्याला कुलूप लावलं आहे, आणि जीपमधली माणसं उसातच जातात. देखभालीसाठी गावाने पर्यटन समिती नेमली. तिचं अध्यक्षपद घ्यायला एकाशिवाय दुसरं कोणी तयार होईना.

कुलपाची किल्ली काकासाहेबांकडे असते.